संशोधन खुले करायचे, तर ग्रंथपालाला तयार करा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांस,



मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. माझा बहुतेक दिवस पीएच.डी.चे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि प्रकल्प घेतलेले प्राध्यापक यांच्यासोबत जातो. गेल्या काही महिन्यांत एक वाक्य मी बैठकांत, विभागांत, अगदी पदभरतीच्या चर्चेतही ऐकते आहे: ‘आता सगळी जर्नल्स सरकारच देते आहे, मग ग्रंथपालाची जागा भरायची कशाला?’ हे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. ग्रंथालय म्हणजे खरेदी आणि देवघेव, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का बसला आहे. खरेदी दिल्लीतून झाली, देवघेव संगणकावर गेली, मग उरले काय, असे त्यांना वाटते. उरले आहे ते काम आधीपेक्षा मोठे आहे आणि ते करायला लागणारी कौशल्ये आम्हाला कुणी शिकवलेली नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी ज्या योजनेचा हवाला दिला जातो तिच्याबद्दल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा आवाका आहे. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट तिचे काम पाहते. लहान गावातल्या शासकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला जे लेख कधी दिसलेच नसते ते आज दिसतात आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही वर्गणी आहे. पैसे भरले तोवर दार उघडे. दुसऱ्यांचे संशोधन आपल्याला वाचता येते. आपले संशोधन, त्यामागची आकडेवारी, मोजमापाच्या नोंदी आणि प्रश्नावल्या कुणाला वाचता, तपासता, पुन्हा वापरता येतील, याबद्दल ही योजना फारसे काही बोलत नाही. खुले विज्ञान नेमके तिथून सुरू होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण सभेने खुल्या विज्ञानाबद्दलची शिफारस स्वीकारली. त्यात खुले लेख आहेत, खुली विदा (संशोधनातली कच्ची माहिती) आहे, खुले सॉफ्टवेअर आहे, समाजाचा सहभाग आहे आणि इतर ज्ञानपरंपरांशी संवादही आहे. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्येच धोरण काढले होते: आमच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या भांडारात ठेवा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने असे भांडार २००२ मध्ये उभे केले, ते तिथल्या ग्रंथालय आणि माहिती विभागातल्या लोकांच्या पुढाकारातून. म्हणजे हे नवे फॅड नाही. वीस वर्षांहून अधिक काळ रस्ता समोर आहे आणि आपली बहुतेक विद्यापीठे त्यावर चार पावलेही गेलेली नाहीत.

आता ग्रंथपालाच्या टेबलावर काय येते ते सांगते. पूर्वी संशोधक येऊन विचारायचा, अमुक लेख मिळेल का? आज तो मोबाइल पुढे करतो. लेख स्वीकारल्याचा मेल असतो, खाली डॉलरमधले शुल्क असते आणि प्रश्न असतो: ‘मॅडम, हे जर्नल खरे आहे का?’

या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आता पूर्णपणे आपल्यावर आली आहे, हे अजून अनेकांच्या लक्षात आलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये तिची चिकित्सा करून ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि नामवंत सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. सुचवणारी विद्यापीठे आपलीच होती, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर आयोगाचीच ‘केअर’ यादी आली आणि तिचे केंद्रही पुण्यातच होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. चांगले नियतकालिक ओळखण्याचे काही निकष सुचवले आणि प्रत्येक संस्थेने आपली पद्धत आपणच ठरवावी, असे सांगितले.

निर्णय मला तत्त्वतः पटतो. यादी होती तोवर विचार करण्याचे काम यादीवर सोडले जात होते. पण संस्थेने पद्धत ठरवायची म्हणजे कुणी? बहुतेक ठिकाणी एक समिती नेमली जाते, तिची एखाददुसरी बैठक होते आणि मग जुनीच यादी नव्या कागदावर छापली जाते. नियतकालिक पारखणे हे कौशल्य आहे. संपादक मंडळातल्या माणसांना आपले नाव तिथे आहे हे माहीत आहे का, आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक त्याच नियतकालिकाचा आहे का, खऱ्या नियतकालिकाची हुबेहूब नक्कल करणारे बनावट संकेतस्थळ तर नाही ना, ‘खुल्या नियतकालिकांची निर्देशिका’ म्हणजे डीओएजे त्याला ओळखते का, मागच्या अंकांतले लेख एकमेकांशी आणि विषयाशी सुसंगत आहेत का, चार दिवसांत परीक्षण करून देण्याचे आश्वासन कुणी कशाच्या जोरावर देते, हे सगळे पाहावे लागते. मोठ्या प्रकाशकाचे नाव पुरत नाही. वायली या प्रकाशनगृहाला आपल्या हिंदावी शाखेचे ८,००० हून अधिक लेख एकट्या २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. मागे घेतलेल्या लेखांची नोंद आज कुणालाही मोफत तपासता येते. प्रबंधाच्या संदर्भसूचीत असा लेख आहे का हे सादर करण्याआधी पाहणे ग्रंथालयाला सहज शक्य आहे. आजवर ते मला कुणी करायला सांगितलेले नाही.

याच कामात एक बाजू अशी आहे, जी फक्त आपल्याकडच्या माणसालाच दिसेल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे ‘संशोधक’ किंवा वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ अशा नियतकालिकांनी मराठीतले वैचारिक आणि ऐतिहासिक लेखन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. अशी अनेक मराठी नियतकालिके तुटपुंज्या पैशांवर चालतात. कुणाचे संकेतस्थळ साधे असते, कुणाकडे लेखांना डीओआय क्रमांक नसतात, कुणाचा अंक उशिरा निघतो. यांत्रिक निकष लावले तर ती नापास होतात आणि चकचकीत संकेतस्थळ, डीओआय क्रमांक व बनावट प्रभावांक असलेले फसवे नियतकालिक पास होते. गरीब दिसणारे प्रामाणिक नियतकालिक आणि श्रीमंत दिसणारे खोटे नियतकालिक यांतला फरक ओळखायला अंक हातात घेऊन वाचलेला, मराठी प्रकाशनव्यवहार माहीत असलेला आणि त्याच वेळी जागतिक सूची कशा चालतात हे समजणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्या ग्रंथालयातच तयार होऊ शकतो. या नियतकालिकांना क्रमांक मिळवून देणे, त्यांचे जुने अंक खुले करणे, त्यांचे परीक्षण कसे होते हे त्यांच्याकडून लिहून घेणे ही कामेसुद्धा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अंगावर घ्यावीत, असे मला वाटते. लेखकाकडून शुल्क न घेता आणि वाचकाकडून वर्गणी न मागता दर्जेदार नियतकालिक चालवता येते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले. हे उदाहरण परदेशातले नाही, परळचे आहे.

शुल्काचा विषय निघालाच आहे तर तोही बोलते. ‘नेचर’ या नियतकालिकाने खुला लेख छापण्याचे जे शुल्क २०२० मध्ये जाहीर केले ते ९,५०० युरो होते. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्या एका लेखासाठी त्याची जवळजवळ दोन वर्षांची फेलोशिप लागेल. इतके मोठे नसले तरी लाख-दीड लाखाचे आकडे आमच्या टेबलावर नेहमीच येतात आणि विद्यार्थी कर्ज काढून पैसे भरायला निघालेला असतो. त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते, की परीक्षणानंतर स्वीकारलेले, पण प्रकाशकाने मांडणी न केलेले आपले हस्तलिखित अनेक नियतकालिके सहा किंवा बारा महिन्यांनी विद्यापीठाच्या भांडारात ठेवू देतात, तेही एक रुपया न घेता. कोणते नियतकालिक काय परवानगी देते हे पूर्वी शेर्पा रोमिओ या नावाने असलेल्या आणि आता ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ झालेल्या मोफत कोशात बघता येते. करारातले कोणते कलम आपला हक्क काढून घेते, कोणता क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना निवडला तर आपल्या लेखाचे भाषांतर करता येईल आणि कोणता निवडला तर येणार नाही, हे समजावून सांगणारा माणूस विद्यापीठात एक तरी हवा. कायदा विभाग हे करत नाही, संशोधन कक्ष करत नाही. हे काम ग्रंथपालाचे आहे आणि त्यासाठी त्याला परवान्यांची व प्रताधिकाराची ओळख पक्की करून द्यायला हवी.

त्याऐवजी आमच्या हातात काय दिले गेले? वाङ्मयचौर्याचे प्रमाणपत्र.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. २०१९ पासून इन्फ्लिबनेटने ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य शोधणारे सॉफ्टवेअरही दिले. उद्देश चांगला होता. व्यवहारात ग्रंथपाल हा टक्केवारी छापून शिक्का मारणारा माणूस झाला. विद्यार्थी येतो तो ‘नऊवर आणून द्या’ असे म्हणत. मार्गदर्शक फोन करतात तेही आकड्यासाठीच. साम्य आणि चौर्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अवतरणचिन्हांत नीट दिलेला उतारा, ठरावीक प्रयोगपद्धतीचे वर्णन, विद्यार्थ्याचा स्वतःचाच आधी छापलेला लेख हे सगळे साम्यात येते. उलट इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून आपले म्हणून दिले तर सॉफ्टवेअर बऱ्याचदा गप्प राहते. अहवाल ओळीओळीने वाचून त्यावर विद्यार्थ्याशी बसून बोलणे हे शिक्षण आहे. त्यासाठी वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्याही कार्यभारात मोजला जात नाही. आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आणला. त्यात खुले प्रकाशन आहे, फसवी नियतकालिके ओळखण्यासाठी पुण्यात तयार झालेल्या साधनाचाही त्यात उल्लेख आहे. हा अभ्यासक्रम शिकवायला किती विद्यापीठांनी आपल्या ग्रंथपालांना वर्गात उभे केले, याची माहिती आपण मागवावी, ही माझी पहिली विनंती. आम्हाला तो तास द्या. टक्केवारीच्या कागदापेक्षा त्या तासाने चौर्य जास्त थांबेल.

आता विदेबद्दल, म्हणजे संशोधनातून गोळा झालेल्या कच्च्या माहितीबद्दल. माझ्या मते आपले सर्वांत मोठे नुकसान इथे होते आहे आणि ते कुठल्याही अहवालात दिसत नाही.

दुष्काळी पट्ट्यातल्या विहिरींची पाणीपातळी एखादी विद्यार्थिनी तीन वर्षे मोजते. महिन्यातून एकदा, एसटीने, दोरी आणि टेप घेऊन. प्रबंधात त्या नोंदींचे दोन आलेख आणि एक तक्ता येतो. तोंडी परीक्षा होते, पदवी मिळते, नोकरी लागते, लॅपटॉप बदलतो. पाच वर्षांनी दुसरा विद्यार्थी त्याच तालुक्यात काम करायला निघतो आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समजा, ती फाइल कुठेतरी सापडली, तरी तिच्यातल्या रकान्यांची नावे ‘व१’, ‘व२’ अशी असतात. पातळी मीटरमध्ये की फुटांत, जमिनीपासून की विहिरीच्या कठड्यापासून, तारीख आधी की महिना आधी, हे सांगणारे कुणी नसते. ही माहिती लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या विहिरींतून आली होती.

हे टाळण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. संशोधन सुरू होतानाच विद्यार्थ्यासोबत बसून विदेचा आराखडा लिहावा लागतो: काय गोळा करणार, कोणत्या स्वरूपात साठवणार, प्रती कुठे ठेवणार, शेवटी कुठे जमा करणार. प्रत्येक फाइलीसोबत एक साधी वाचा-टीप ठेवावी लागते, ज्यात रकान्यांचा अर्थ, एकके आणि मोजमापाची पद्धत असेल. विदा सापडावी, मिळावी, दुसऱ्या विदेशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही २०१६ मध्ये मांडलेली चार तत्त्वे आज फेअर या नावाने जगभर मानली जातात. त्यांतली पहिली आणि तिसरी तर ग्रंथपाल शंभर वर्षांपासून पाळत आले आहेत. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले तेव्हाही प्रश्न हाच होता, की वस्तू आणि तिची गरज असलेला माणूस यांची गाठ कशी घालायची. म्हणून जुने ग्रंथालयशास्त्र आता निरुपयोगी झाले, असे म्हणणाऱ्या तंत्रज्ञानप्रेमी मंडळींशी माझे मतभेद आहेत. वर्गीकरण करणारे, एकाच विषयाला दहा नावे असताना एक नाव ठरवणारे डोके हेच विदेच्या वर्णनासाठी लागते. ते डोके आमच्याकडे आहे. त्याला नवी साधने हवी आहेत.

मात्र सगळेच खुले करायचे नसते आणि हा विवेक हे या नव्या कौशल्यांतले सर्वांत अवघड कौशल्य आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या मुलाखती, एखाद्या गावातल्या रुग्णांच्या नोंदी, शाळकरी मुलांची उत्तरे यांतले नाव काढून टाकले तरी गाव, वय आणि जात यांवरून माणूस ओळखता येतो. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आता आहेच. जैवविविधता कायदा २००२ खाली गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत लोकांनी वनस्पतींचे जे ज्ञान लिहून दिले, ते कुणी कुणाला दाखवायचे हा प्रश्न गावाचा आहे, संशोधकाच्या सोयीचा नाही. कोणती विदा खुली, कोणती परवानगीने, कोणती काही वर्षे बंद आणि कोणती कायमची बंद, हे ठरवताना संशोधकासोबत बसणारा, नीतिसमितीची भाषा जाणणारा आणि साठवणीचे तंत्रही समजणारा माणूस हवा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१७ पासून विद्याशाखांमध्ये असे विदापाल नेमायला सुरुवात केली आणि ते काम ग्रंथालयाच्या समन्वयाने उभे राहिले. आपल्याकडे प्रत्येक विद्याशाखेला एक विदापाल द्यायला पैसे नाहीत, हे मला कळते. विद्यापीठाला एक तरी द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी कदाचित हे सगळे पत्र लिहिते आहे, तिच्याकडे येते. मराठी.

इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारामुळे आज देशभरातले लाखो प्रबंध घरबसल्या वाचता येतात. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि तेव्हापासून मुखपृष्ठ वेगळे, प्रमाणपत्र वेगळे, प्रत्येक प्रकरण वेगळे अशा फायली करून चढवण्याचे काम ग्रंथालयांतली माणसे निमूटपणे करत आली आहेत. तरीही मराठीतला प्रबंध शोधून पाहा. कितीतरी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर अक्षरे सुंदर दिसतात, पण ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की हाती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा येतो. कितीतरी प्रबंध म्हणजे नुसत्या पानांची छायाचित्रे आहेत. शोधयंत्राला त्यांतला एक शब्दही दिसत नाही. वारकरी कीर्तनपरंपरेवर, दलित आत्मकथनांवर, कोकणातल्या बोलींवर कुणीतरी आयुष्याची चार-पाच वर्षे घालून लिहिलेले काम सर्वांसाठी खुले आहे आणि कुणालाही सापडत नाही. वाङ्मयचौर्य शोधणारे सॉफ्टवेअरही ते वाचू शकत नाही, हे ओघानेच आले.

नावांचे तसेच. आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी येते, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव. लेखात त्याची आद्याक्षरे होतात. एस. बी. पाटील नावाचे किती संशोधक महाराष्ट्रात असतील! पश्चिम महाराष्ट्रातल्या जाधवांच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी व्ही येतो, विदर्भातल्या अनेक जाधवांच्या शेवटी ओ येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे लेख आणि नंतरचे लेख दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर जमा होतात आणि बढतीच्या वेळी तिलाच कागद गोळा करत फिरावे लागते. २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी, मोफत, आयुष्यभर टिकणारा क्रमांक उपलब्ध आहे. पीएच.डी.च्या नोंदणीच्या दिवशीच तो विद्यार्थ्याला काढून देणे, तो प्रबंधाच्या नोंदीत आणि विद्यापीठाच्या संशोधक-सूचीत भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते न केल्यामुळे मानांकनाच्या प्रत्येक फेरीत आम्ही आठवडेच्या आठवडे नावे जुळवत बसतो.

इथे लागणारी कौशल्ये अगदी ठोस आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणे. छायाचित्रातून मराठी अक्षरे ओळखणारी साधने वापरणे आणि त्यांच्या चुका तपासणे, कारण जोडाक्षरांत आणि रफारात ती अजून अडखळतात. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत नोंद करणे. ओपनरिफाइनसारख्या मोफत साधनाने हजारो नावांतले सारखेपण शोधून ती एकत्र आणणे. २०१५ मध्ये लंडनमध्ये ‘लायब्ररी कार्पेन्ट्री’ नावाने ग्रंथालयातल्या माणसांसाठी अशा कार्यशाळा सुरू झाल्या आणि त्यांचे साहित्य सर्वांना मोफत आहे. एडिंबरा विद्यापीठाचा विदा-व्यवस्थापनाचा ‘मंत्रा’ हा अभ्यासक्रमही मोफत आहे. इंग्रजी वाचून ते शिकता येईल, पण त्यांत मराठी फॉन्टचा प्रश्न नाही, जाधवांचा प्रश्न नाही. तो धडा आपल्यालाच लिहावा लागेल. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्याकडची जुनी, दुर्मीळ पुस्तके डिजिटल करून सर्वांना खुली केली, तेव्हा इथली माणसे हे करू शकतात याबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही.

ग्रंथालयशास्त्र विभागांच्या अभ्यासक्रमाकडे आपण लक्ष घालावे, ही विनंती मी थोडक्यात करते, कारण ते काम मुख्यतः अभ्यास मंडळांचे आहे. तालिकीकरणाच्या संहिता शिकवा, दशांश वर्गीकरण शिकवा. पण पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला एक भांडार स्वतः उभे करता आले पाहिजे, एका संशोधकासोबत विदेचा आराखडा लिहिता आला पाहिजे, आणि एखादे नियतकालिक का नाकारावे हे लेखी मांडता आले पाहिजे. प्रत्येकीने संगणकीय भाषा शिकावी असा माझा आग्रह नाही. गणित विभागातल्या संशोधकाला काय हवे आणि इतिहासातल्याला काय हवे, हे ऐकून घेण्याची सवय त्याहून जास्त उपयोगी पडते. सेवेत असलेल्यांसाठीच्या उजळणी वर्गांतही हेच विषय यावेत. या वर्गांना आम्ही बढतीच्या गुणांसाठी जातो, हे लपवण्यासारखे नाही. तिथे हातात काम दिले तर आम्ही ते शिकूनही येऊ.

शिकवून मात्र भागणार नाही, माणसे हवीत. कितीतरी महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे आणि ग्रंथालय परिचराच्या भरवशावर उघडते. जिथे ग्रंथपाल आहे तिथे त्याच्याकडे परीक्षेची कामे, मूल्यांकनाच्या फायली, कार्यक्रमांची व्यवस्था सोपवली जाते. आमच्या व्यवसायातल्या काही ज्येष्ठांनीही नवे काम नको म्हणून हात आखडता घेतला, हेही मी पाहिले आहे आणि त्याचे मला दुःख आहे. पण ज्याला वर्षाकाठी एकही दिवस प्रशिक्षणासाठी मोकळा मिळत नाही, त्याला ‘तुम्ही बदलत नाही’ असे सुनावणे अन्यायाचे आहे.

तेव्हा, महोदय आणि महोदया, मागणे मांडते. विद्यापीठाच्या संशोधन मंडळावर ग्रंथपालाला बसवा, केवळ निमंत्रित म्हणून चहापुरते नको. पुढच्या नोंदणीपासून प्रत्येक मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारला जाईल, असे परिपत्रक काढा. याला पैसे लागत नाहीत, सही लागते. विद्यापीठाच्या खुल्या भांडारासाठी अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष ठेवा, जेणेकरून सर्व्हर बंद पडला तर तो दुरुस्त करायला पुस्तकखरेदीचे पैसे वळवावे लागणार नाहीत. प्रबंधासोबत त्यामागची विदाही, शक्य असेल तिथे खुली आणि नसेल तिथे सुरक्षित, जमा करण्याचा नियम करा. नियतकालिके पारखण्यासाठी जी समिती आपण नेमाल तिचे सचिवपद ग्रंथालयाकडे द्या आणि तिने घेतलेले निर्णय कारणांसह सर्वांना वाचता येतील, असे ठेवा. आणि ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’मुळे आपल्या विद्यापीठाचे वर्गणीतले जे पैसे वाचले असतील त्यांतला काही भाग ग्रंथालयातल्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा.

पहिल्या दोन गोष्टींसाठी शासनाच्या परवानगीची वाट पाहावी लागेल, असे मला वाटत नाही. संशोधन मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्या घ्याव्यात. त्यासाठी लागणारे टिपण, परिपत्रकाचा मसुदा आणि युनिकोडमध्ये प्रबंध कसा टंकायचा याची विद्यार्थ्यांसाठीची दोन पानी सूचना तयार करून द्यायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत. आपण सांगाल त्या दिवशी येऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
एका सार्वजनिक विद्यापीठातील ग्रंथपाल